शिक्षिकेची नोकरी सोडून समुपदेशनाकडं वळावं का? (कोल्हापूर)

खडूवाल्या_बाई

नमस्कार मंडळी. इथं मी बरीच वर्षं नुसती वाचक आहे, लिहायची पहिलीच वेळ. करवीर तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. २००३ ला शिक्षणसेवक (सुरुवातीची तीन वर्षं मानधनावरची नेमणूक) म्हणून लागले, आता वय सत्तेचाळीस. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत, मुलगा अकरावीला. घराचं कर्ज थोडं राहिलंय.

शिकवायचा कंटाळा आलेला नाही, हे आधीच सांगते, नाहीतर सगळे 'शाळा बदला' म्हणतील. झालंय असं की माझं खरं काम तास संपल्यावर सुरू होतं. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी कुणीतरी घुटमळत असतंच. नववीतली पोर, घरात स्थळं बघायला लागलेत म्हणून धास्तावलेली. दहावीचा पोरगा, चाचणी जवळ आली की ज्याचं पोट दुखतं आणि सोनोग्राफीत काही निघत नाही. २०१९ च्या महापुरानंतर तर पाऊस जोरात लागला की काही पोरांचं फळ्याकडं लक्षच नसायचं, खिडकीतून बाहेर बघत बसायची. मी ऐकून घेते. काहींना बरं वाटतं. काहींचं काय करायचं ते मला कळत नाही, आणि ते घरी गेल्यावरही डोक्यात राहतं.

शाळेच्या लेखी हे काम नाहीच. तिथं यू-डायसची (शाळेची सरकारी आकडेवारी) माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, बीएलओची मतदारयादी, याला काम म्हणतात.

तर मनात आलंय की स्वेच्छानिवृत्ती घ्यावी, रीतसर शिकावं आणि समुपदेशक म्हणून काम करावं. शिक्षण बी.ए., एम.ए. मराठी, बी.एड. मानसशास्त्र बी.एड.ला होतं तेवढंच. या वयात कुठला कोर्स करावा, पेन्शनचं काय होईल, आणि मुख्य म्हणजे कोल्हापुरात यावर पोट भरतं का? कुणी हा रस्ता चालून गेलं असेल तर मोकळेपणानं लिहा.

पेठेतला_पाटील

बाई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सातव्या वेतन आयोगाचा पगार, दिवाळीची सुट्टी, मे महिन्याची सुट्टी, आणि हे सगळं सोडून लोकांची रडगाणी ऐकायला जाणार? आमच्याकडं माणूस पाहुणे आले की मटणाला दोन हजार मोजतो आणि हूं की चूं करत नाही. त्यालाच 'एक तास बोला, पाचशे द्या' म्हणून बघा. म्हणंल, बोलायला पैसे कशाला, तालमीच्या कट्ट्यावर फुकट बोलतोय की.

ताराबाई पार्कात एका खोलीचं भाडं काय आहे ते विचारून या आणि मग राजीनाम्याचा कागद काढा.

मिसळ_कट_वेगळा

पाटील, तुमच्या कट्ट्यावर कोण 'मला रात्री झोप लागत नाही, जीव नको वाटतो' असं बोललेलं ऐकलंय का कधी? कट्ट्यावर राजकारण आणि फुटबॉल.

बाई, वयाचं मनावर घेऊ नका. इग्नूचं, म्हणजे मुक्त विद्यापीठाचं, दूरस्थ एम.ए. सायकॉलॉजी करा, नोकरी न सोडता होतं. माझ्या मावसबहिणीनं तसंच केलं, तीही शिक्षिका.

वॉर्ड_नंबर_नको

मिसळ, तुमच्या बहिणीच्या वेळी होत होतं, आता तो दरवाजा बंद झालाय. मी मनोविकार विभागात काम करतो, म्हणून रोज हाच प्रश्न येतो. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं शिकवायला मनाई केलीय. एकट्या इग्नूला नाही, सगळ्याच विद्यापीठांना. यामागं २०२१ चा राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा आहे. त्या कायद्यानं मानसशास्त्र आणि समुपदेशन आरोग्यसेवेच्या व्यवसायांत धरलं, आणि माणसाला हात लावायचा तो धंदा पोस्टानं शिकता येत नाही, असं साधं तत्त्व. त्यामुळं कुणी 'घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी, आजच प्रवेश' म्हणून फोन केला तर पैसे भरू नका.

आता बाईंसाठी जरा सविस्तर, कारण लोक सगळं एकातच मोजतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एम.डी. किंवा तत्सम पदवी घेतलेला डॉक्टर, औषध तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडं, आरसीआयकडं, नोंदणी असलेला. त्यासाठी आतापर्यंत मानसशास्त्रात एम.ए. आणि वर दोन वर्षांचं एम.फिल. लागायचं. यूजीसीनं एम.फिल. पदवीच बंद केली, या विषयाला फक्त २०२५-२६ पर्यंत सवलत होती, त्यामुळं तो रस्ताही बदलतोय. तुमच्या वयात आणि मराठीच्या पदवीवर त्यामागं लागू नका, असं माझं मत.

तिसरा समुपदेशक. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' कोण याची व्याख्या आहे. मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मनोविकार परिचारिका, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता वगैरे त्यात येतात. नुसता समुपदेशक येत नाही. म्हणजे तुम्ही निदान करायचं नाही, 'तुम्हाला डिप्रेशन आहे' असं कागदावर लिहून द्यायचं नाही. काम मात्र भरपूर आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात प्रौढांपैकी दहा टक्क्यांहून जास्त लोकांना कुठला ना कुठला मानसिक आजार दिसला, आणि आजारानुसार त्यातल्या सत्तर ते ब्याण्णव टक्के लोकांपर्यंत उपचारच पोचत नव्हते. कोल्हापुरातून जवळचं मनोरुग्णालय म्हणजे रत्नागिरीचं. तिथं पाठवायची वेळ येण्याआधी कुणीतरी नीट ऐकलं असतं तर, असं केसपेपर वाचताना पुष्कळदा वाटतं.

हेडक्लार्क_निवृत्त

कोर्सचं जाणकार सांगतील, मी सेवेचं सांगतो. उभा जन्म शाळेच्या ऑफिसात गेला.

मॅडम, पाटलांच्या प्रतिसादात 'राजीनामा' शब्द आलाय, तो आधी डोक्यातून काढा. राजीनामा दिला की मागची सेवा निवृत्तिवेतनासाठी बाद होते. स्वेच्छानिवृत्ती वेगळी. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२ प्रमाणं वीस वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन निवृत्त होता येतं. तुमची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची आहे, म्हणजे वरवर बघता जुनी पेन्शन. वरवर म्हणतोय, कारण त्या तारखेला तुमची शाळा किंवा तुकडी शंभर टक्के अनुदानावर होती का, हे बघावं लागेल. २००५ च्या आधी लागलेले पण अनुदान नंतर मिळालेले कितीतरी शिक्षक याच मुद्द्यावर कोर्टाच्या पायऱ्या चढलेत.

दुसरं, शिक्षणसेवकाची तीन वर्षं सेवापुस्तकात कशी नोंदवलीत? वैयक्तिक मान्यतेची तारीख, वेतननिश्चितीची पडताळणी, बिनपगारी रजा असतील तर त्या, सगळं एकदा समोर बसून वाचा. बावीस वर्षं म्हणताना हिशोबात एकोणीस निघाली, अशी माणसं मी बघितलीत.

आणि नोकरीत असताना बाहेर पैसे घेऊन समुपदेशन सुरू करू नका. १९८१ च्या खाजगी शाळा नियमावलीखाली नोकरीत असताना परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय चालत नाही. शिकायचं असेल तरी संस्थेकडून लेखी परवानगी घ्या. तोंडी 'करा की मॅडम' म्हणणारे संचालक पुढच्या निवडणुकीत बदलतात.

मिसळ_कट_वेगळा

इग्नूबद्दल माहीत नव्हतं, धन्यवाद डॉक्टर. हेडक्लार्क काका, हा प्रतिसाद साठवून ठेवला.

काठावर_उभी

धागा आत्ता बघितला. हा रस्ता मी चाललेय, म्हणून लांबण लावते.

मी विज्ञान शिकवायचे. नोकरी सोडून कोल्हापुरातल्याच 'सायबर' संस्थेत एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केलं, नंतर पुण्या-मुंबईच्या वाऱ्या करून समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलं, आता इचलकरंजी आणि कोल्हापूर दोन्हीकडं बसते. एमएसडब्ल्यूचा मार्ग मुद्दाम सांगतेय, कारण कुठल्याही पदवीवर प्रवेश मिळतो, नियमित आहे, आणि त्यातलं क्षेत्रकार्य तुम्हाला हॉस्पिटल, वस्ती, कोर्ट सगळीकडं नेऊन उभं करतं. पुस्तकात मानसशास्त्र कमी, ते वेगळं शिकावं लागतं.

पण माझा मुद्दा कोर्सचा नाही. बाई, तुमची बावीस वर्षं निम्मी उपयोगी पडतील आणि निम्मी आडवी येतील. कुठली निम्मी कुठली, हे आधी माहीत असलेलं बरं. हल्ली माझ्याकडं शिकायला येणाऱ्यांत शिक्षक बरेच असतात, त्यांच्यात सारखं दिसतं ते लिहिते.

शिक्षकाच्या प्रश्नाचं उत्तर शिक्षकाला आधीच ठाऊक असतं. 'पानिपतचं तिसरं युद्ध कधी झालं?' हे तुम्ही माहिती मिळवायला विचारत नाही, समोरच्याला येतंय का ते बघायला विचारता. ही सवय इतकी मुरते की समुपदेशनाच्या खुर्चीत बसूनही तसेच प्रश्न येतात: 'मग असं वागल्यानं आईला काय वाटलं असेल?' समोरचं पोरगं लगेच ओळखतं की बाईंना कुठलं उत्तर हवंय, आणि ते देऊन मोकळं होतं. दोघंही खूश, झालेलं काहीच नाही. ज्याचं उत्तर खरोखरच आपल्याला माहीत नाही तेवढंच विचारायचं, हे शिकायला शिक्षकाला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो.

तसंच गप्प बसण्याचं. वर्गात शांतता पसरली की आपण हिंट देतो, पहिलं अक्षर सांगतो. इथं समोरचा माणूस तीन-चार मिनिटं जमिनीकडं बघत बसतो आणि त्यानंतर जे बोलतो त्यासाठी तो आलेला असतो. मधेच बोललात तर ते राहून जातं. शिवाय 'शाब्बास!' हे कौतुक वाईट नाही, पण एकदा शाब्बासकी दिलीत की पुढच्या वेळी तो माणूस तुम्हाला शाब्बासकीजोगंच सांगायला लागतो. दारू परत सुरू झाली हे मग सांगत नाही.

आणि तात्पर्य. वेळ संपत आली की शिक्षकाच्या तोंडून आपोआप 'तर आज आपण काय बघितलं' निघतं.

एक अनुभवाचं निरीक्षण, यावर वाद घालायला माझी तयारी आहे: अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत, आरईबीटी, शिक्षकांना फार आवडते. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेमुळं आणि डॉ. आनंद नाडकर्णींच्या लिखाण-व्याख्यानांमुळं ती मराठीत चांगली रुजलीही आहे. घटना, तिच्याबद्दलचा आपला समज, त्यातून आलेली भावना, असं फळ्यावर तीन रकाने आखून समजावता येतं ना! पद्धत उत्तमच आहे, मी स्वतः वापरते. पण शिक्षकाच्या हातात तिचा पटकन तास होतो. समोरच्याचा समज चुकीचा आहे हे सिद्ध करून दाखवायचं आणि वही तपासल्यासारखी खाली सही. त्या माणसाला त्याचा समज चुकीचा आहे हे बहुतेक वेळा आधीच कळत असतं. कळूनही जात नाही, म्हणून तर तो आलेला असतो.

आता उपयोगी निम्मी. एकाच वेळी पन्नास चेहरे वाचायची नजर, ती कुठल्या कोर्समध्ये मिळत नाही. मोठं काम छोट्या पायऱ्यांत तोडून द्यायचं कसब, ज्याला दहावीत नापास होण्याची भीती आहे त्याला आज संध्याकाळी नेमकं काय करायचं हे सांगता येणं. पालकांशी बोलायची भीड नसणं. एकच गोष्ट दहाव्यांदा ऐकताना न चिडणं. आणि भाषा. पुण्यात शिकून आलेल्या मुली 'तुम्हाला अँग्झायटी ट्रिगर होते का' विचारतात, आणि समोरची कागलची बाई सांगत असते की छातीत कालवतंय. तुम्हाला ते कालवणं भाषांतर न करता कळेल.

पैशाचं उद्या लिहिते, एक सेशन आहे.

नदीकाठची

मी समुपदेशक नाही, समोरच्या खुर्चीत बसलेली आहे. सासर प्रयाग चिखलीत. २०१९ ला घर पाण्यात होतं, २०२१ ला परत. जनावरं गेली, ते सगळं पेपरात आलंय. पेपरात आलं नाही ते असं की पुढं दोन पावसाळे मला स्वयंपाकघरात पाण्याचा नळ सुरू केला तरी धडधडायचं.

ओळखीतून एका 'समुपदेशकां'कडं गेले. भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं. त्यांनी पाऊण तासात मला सकारात्मक विचारांचे फायदे सांगितले, कृतज्ञतेची डायरी लिहायला सांगितली आणि वर म्हणाले, 'तुमच्यापेक्षा वाईट अवस्थेतली माणसं बघा.' बघितली होती की, शेजारीच राहतात. नंतर नणंदेनं सीपीआरला, कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात, नेलं. केसपेपर काढला, रांगेत बसलो, डॉक्टरांनी औषध दिलं आणि तिथल्या एका ताईंनी फक्त विचारलं, पाणी घरात शिरलं तेव्हा तुम्ही कुठं उभ्या होता? त्यावर मी किती वेळ बोलत होते कुणास ठाऊक.

काठावर_उभी यांनी लिहिलंय तसा प्रश्न होता तो. त्यांना उत्तर माहीत नव्हतं. खडूवाल्या बाई, तुम्ही या क्षेत्रात याच, पण नीट शिकून या, एवढीच विनंती.

पेठेतला_पाटील

नदीकाठची ताई, वाचून वाईट वाटलं. माझं म्हणणं पैशाचं होतं, कामाला नावं ठेवली नाहीत.

काठावर_उभी

ताई, लिहिल्याबद्दल आभार.

पाटील, तुमच्या मुद्द्यात दम आहे, म्हणून पैशाचं खरं सांगते. पहिली दोन-तीन वर्षं निव्वळ खाजगी सेशनवर घर चालत नाही, माझं तरी चाललं नाही. लोक फोन करतात, वेळ ठरवतात, येत नाहीत. गणपती-नवरात्रात सगळं ठप्प. गावाकडचे काही 'उसाचं बिल जमा झालं की देतो' म्हणतात, आणि खरंच आणून देतात, पण तोवर भाडं थांबत नाही. माझी मिळकत तीन ठिकाणांहून येते: दोन सीबीएसई शाळांत आठवड्यातले ठरलेले दिवस, एका कारखान्यात कामगारांसाठी महिन्यातून काही सत्रं, आणि उरलेलं खाजगी. शाळेचे पैसे बांधील असतात म्हणून बाकीचं परवडतं. शिक्षिकेच्या पगाराची बरोबरी बरीच उशिरा झाली, आणि पीएफ-रजा-मेडिकल काही नाही.

खोली घ्यायची घाई करू नका. डॉक्टरांच्या दवाखान्यात दुपारची रिकामी वेळ भाड्यानं मिळते. एक गंमत आहे बघा, शिवाजी पेठेतल्या माणसाला राजारामपुरीतला समुपदेशक हवा असतो आणि राजारामपुरीतल्याला शाहूपुरीतला. आपल्या गल्लीत जिना चढताना कुणी बघितलं तर? म्हणून पाटी लहान लावायची, आणि जिना दोन दुकानांच्या मधला असेल तर उत्तम. महाद्वार रोडवर समोरून क्लायंट आला तर आपण ओळख दाखवायची नाही, त्यानं दाखवली तर दाखवायची. शिक्षकाला हे फार जड जातं, कारण आयुष्यभर रस्त्यात 'नमस्कार बाई' ऐकायची सवय.

लाल_मातीतले_सर

क्रीडाशिक्षक. माझा सूर थोडा वेगळा आहे. बाईंनी शाळा का सोडावी? पोरं आहेत तिथंच समुपदेशक पाहिजे. आमच्याकडं कुस्तीची पोरं आहेत, गाव सोडून तालमीत राहिलेली. खुराकासाठी बापानं रान विकलेलं असतं. गुडघा गेला की सतराव्या वर्षी आयुष्य संपल्यासारखी बसतात. ती पोरं कुठल्या जिन्यानं वर जाणार आहेत? त्यांना मैदानाच्या कडेला बोलणारं माणूस लागतं.

सुप्रीम कोर्टानंही जुलै २०२५ मध्ये सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. मग बाईंनी पात्रता घेऊन शाळेतच ते काम मागावं.

हेडक्लार्क_निवृत्त

सर, भावना पटते. पण अनुदानित शाळेत पद येतं ते संचमान्यतेतून (पटावरून मंजूर पदं ठरवणारा सरकारी कागद), आणि माझ्या हातून गेलेल्या एकाही संचमान्यतेत समुपदेशकाचा रकाना नव्हता. संस्था बाईंनाच 'अतिरिक्त कार्यभार' देईल, तास तेवढेच ठेवून.

काठावर_उभी

लाल मातीतले सर, पोरांजवळ माणूस पाहिजे हे शंभर टक्के. पण तेच माणूस गुण देणारं असलं तर अडतं. जिच्या हातात माझी अंतर्गत मूल्यमापनाची वही आहे तिला मी कॉपी केल्याचं सांगीन का? समुपदेशनात दुहेरी नातं टाळा म्हणतात ते यासाठीच. आपल्या वर्गातल्या मुलाचं ऐकून घ्यावं, धीर द्यावा, पण बांधून सेशन घ्यायची असतील तर दुसऱ्याकडं पाठवावं.

आणि गुप्ततेलाही मर्यादा आहे, बाईंनी हे आत्तापासूनच लक्षात ठेवावं. अठराखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शिक्षक असा की समुपदेशक. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा. म्हणून मुलाला 'तू सांगशील ते कुणालाच कळणार नाही' असं वचन कधीच द्यायचं नाही. काय कळवावं लागेल ते पहिल्याच भेटीत सांगायचं. प्रेमापोटी असं वचन देणारे शिक्षक मी बघितलेत, आणि मग मुलाचा दुसऱ्यांदा विश्वासघात होतो.

वॉर्ड_नंबर_नको

वरच्याला जोडून: २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ प्रमाणं आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं असतं, तिच्यावर त्यासाठी खटला नाही. शाळांना हे माहीत नसतं. 'पोलीस केस होईल' या भीतीनं मुख्याध्यापक प्रकरण दाबतात आणि पोर उपचाराविना घरी बसतं. असं काही दिसलं तर समुपदेशनात वेळ न घालवता थेट मनोविकार विभागात आणा. रात्री-अपरात्री टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहेच, १४४१६, मराठीतही बोलतात. बाई, हा नंबर नोकरी सोडण्याआधीच वर्गाच्या भिंतीवर लावा.

खडूवाल्या_बाई

एवढं सगळं लिहाल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, पाटलांचेसुद्धा. मिस्टरांनीही धागा वाचला, त्यांना पाटलांचाच प्रतिसाद आवडला.

काठावर_उभी, त्या प्रश्नांचं वाचल्यावर मी मुद्दाम स्वतःवर लक्ष ठेवलं. परवा एक मुलगी आली होती, मी विचारत होते ते सगळे प्रश्न 'रिकाम्या जागा भरा' होते. बोलता बोलता कळतं, पण थांबता येत नाही. हे शिकायला नेमकं कुठं मिळतं? नोकरी न सोडता सुरुवात करता येईल असं काही आहे का? आणि तुम्ही स्वतः कुणाशी बोलता? दिवसभर हे ऐकून घरी स्वयंपाकाला लागायचं म्हणजे...

काठावर_उभी

शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. पर्यवेक्षण, सुपरव्हिजन, हा या कामाचा अर्धा भाग आहे. माझ्याहून अनुभवी बाई आहेत पुण्यात, त्यांच्यासमोर नावगाव काढून माझ्या केसेस मांडते. शिकताना संमतीनं केलेली ध्वनिमुद्रणं असतात, तीन मिनिटं ऐकायची आणि अर्धा तास त्यावर बोलायचं. तुमचे 'रिकाम्या जागा भरा' तिथंच सुटतील, पुस्तक वाचून नाही. कोर्स निवडताना हा एकच निकष लावा: प्रत्यक्ष माणसांबरोबर काम आणि त्यावर देखरेख किती तासांची? 'दोन रविवारांत समुपदेशक व्हा' यात शून्य असते. आणि शिकताना स्वतः क्लायंट म्हणून बसावं. कार्ल रॉजर्सनं १९५७ मध्ये मांडलेल्या अटी, समोरच्याला विनाअट स्वीकारणं, त्याच्या जागी जाऊन समजून घेणं, स्वतः खरं असणं, परीक्षेत लिहायला सोप्या. कुणीतरी आपल्याशी तसं वागलं की मगच कळतं ते काय असतं.

नोकरीत राहून करायचं तर एनसीईआरटीची मार्गदर्शन आणि समुपदेशनाची पदविका बघा. मुळात शिक्षकांसाठीच आहे, बी.एड. चालतं. रचना अशी की काही महिने घरून, मग तीन महिने प्रत्यक्ष केंद्रात राहून, मग आपल्या शाळेत इंटर्नशिप. आपल्या बाजूला भोपाळचं प्रादेशिक शिक्षण संस्थान पडतं. संस्थेनं पाठवलं तर उत्तमच, नाहीतर त्या तीन महिन्यांच्या रजेचं काकांना विचारा. प्रवेशाची जाहिरात आली की अटी शब्दन् शब्द वाचा. यानं तुम्ही मनोविकारावर उपचार करणाऱ्या होणार नाही, शाळेतल्या समुपदेशनाचा पाया मात्र पक्का होईल.

एकदा सरकारी ठिकाणीही जाऊन बघा. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाची मैत्री क्लिनिकं आहेत, तिथं कंत्राटी समुपदेशक असतात. त्यांचा दिवस कसा जातो ते विचारा. कौटुंबिक न्यायालयातही १९८४ च्या कायद्याप्रमाणं समुपदेशक असतात. पगार ऐकून पाटील हसतील, पण काम काय असतं ते दिसेल.

हेडक्लार्क_निवृत्त

रजेचं: तीन महिने सलग हवेत तर अर्जित रजा माध्यमिक शिक्षकाकडं फारशी साठत नाही, अर्धपगारी शिल्लक असेल ती बघा. मे महिन्याची सुट्टी जोडून घेता येते का हेही. असाधारण रजा शेवटचा उपाय, तिचा परिणाम अर्हताकारी सेवेवर होऊ शकतो, मंजुरीच्या आदेशात कारण 'उच्च शिक्षण' असं स्पष्ट लिहून घ्या.

पेठेतला_पाटील

एक राहिलं. बाईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली तर ती जागा शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरनं भरंपर्यंत त्या पोरांना मराठी कोण शिकवणार? पटसंख्या घसरली तर पदच जातंय. हे पण धरा हिशोबात.

लाल_मातीतले_सर

पाटील पहिल्यांदाच माझ्या बाजूनं बोलले.

खडूवाल्या_बाई

पाटील, तो विचार माझ्याही मनात आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याकडं नाही.

तूर्त ठरवलं ते असं. नोटीस देत नाही. सेवापुस्तक सोमवारी मागते. पदविकेची जाहिरात आली की संस्थेकडं लेखी परवानगी मागणार, नाही म्हणाले तर नाही म्हटल्याचं लेखी मागणार (काका हसतील). कर्ज फिटायला दीड वर्ष आहे, तोवर एमएसडब्ल्यू करायचं की नाही ते ठरवता येईल. काठावर_उभी, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतेय, एकदा इचलकरंजीला येऊन भेटेन, क्लायंट म्हणून. फी सांगा, सवलत नको.

डी_एड_२०१६

नवीन सदस्य. हा धागा शोधून इथं आलो. मी सहावी ते आठवीला आहे, वय एकतीस, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) झालेली नाही. सुप्रीम कोर्टाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर टीईटी काढणं भाग आहे, नाहीतर नोकरी जाणार. डोकं फिरायची वेळ आलीय. वाचून वाटलं की आपणही समुपदेशनाला जावं. बी.ए. मानसशास्त्र घेऊन झालंय. कुठून सुरू करू?

काठावर_उभी

तुमची पदवी मानसशास्त्राची आहे, त्यामुळं नियमित एम.ए.ला तुम्हाला बाईंसारखी अडचण नाही. शिवाजी विद्यापीठाचे प्रवेश सुरू झाले की पात्रता बघा, आसपासच्या विद्यापीठांचंही बघा, दूरस्थ कुठलंच घेऊ नका. पण दोन्ही एकदम डोक्यावर घेऊ नका. टीईटीचा फॉर्म आधी भरा, ती परीक्षा या क्षेत्रात येण्यापेक्षा कमी खर्चाची आहे. आणि 'डोकं फिरायची वेळ' हे सहज लिहिलंय की खरंच झोप, जेवण बिघडलंय? खरंच असेल तर कोर्सचं राहू दे, व्यनि करा किंवा १४४१६ ला आजच फोन लावा.

डी_एड_२०१६

झोप नाही नीट. व्यनि केलाय.